कर्नल होण्याआधीची वर्षं

भारतीय सैन्यातल्या स्त्री अधिकाऱ्यांना युनिटची कमांड का देता येणार नाही, याची कारणं केंद्र सरकारने सर्वोच्च न्यायालयापुढे लेखी मांडली होती. स्त्रियांची शारीरिक ताकद कमी असते, बाळंतपण आणि घरच्या जबाबदाऱ्या त्यांच्या वाट्याला येतात, त्या शत्रूच्या हाती सापडल्या तर काय, ही नेहमीची कारणं होतीच. सगळ्यात बोलकं कारण मात्र पुढचं होतं. जवान बहुतेक खेड्यांतून आलेले असतात आणि बाईचा हुकूम मानायची त्यांच्या मनाची अजून तयारी झालेली नाही, असं सरकारचं म्हणणं होतं. १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने ही सगळी कारणं फेटाळली.

नोकरीत बाया वरच्या पदांपर्यंत का पोहोचत नाहीत, याची चर्चा आपल्याकडे स्वभावावर येऊन थांबते. बायका पुढे पुढे करत नाहीत, कठोर निर्णय घेताना कचरतात, त्यांना घर महत्त्वाचं वाटतं, असं बोललं जातं. सैन्याचं प्रकरण मला मोलाचं वाटतं ते यासाठी, की तिथे बढतीचे नियम कागदावर आहेत. कुणाला काय मिळालं, कधी मिळालं आणि कुठल्या नियमाने अडलं, हे तारीखवार दाखवता येतं. आणि ते पाहिलं की स्वभावाकडे बोट दाखवायची फारशी गरज उरत नाही.

१९९२ साली सैन्याने डॉक्टर आणि परिचारिकांच्या पलीकडे जाऊन स्त्रियांना अधिकारी म्हणून घ्यायला सुरुवात केली. ही खास प्रवेश योजना सुरुवातीला पाच वर्षांची होती. पुढे मुदत वाढत वाढत चौदा वर्षांवर गेली. तिथेच गाडी थांबायची. पुरुष अधिकारीही शॉर्ट सर्व्हिसमधून, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीतून, येतात, पण पाच किंवा दहा वर्षांनी त्यांना कायम कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, मागता येतं. बहुतेक शाखांमध्ये स्त्रियांना तो मार्गच नव्हता. अधिकाऱ्याला पेन्शन लागू होते वीस वर्षांच्या सेवेनंतर. म्हणजे उमेदीची चौदा वर्षं सैन्याला देऊन पस्तीस-चाळिशीच्या उंबरठ्यावर बाहेर पडायचं, तेही पेन्शनशिवाय. बढतीचंही तेच. लेफ्टनंट कर्नलपर्यंतचे हुद्दे सेवेच्या वर्षांनुसार मिळत जातात. कर्नलपासून पुढे निवड मंडळ बसतं, अहवाल तपासले जातात आणि निवडक लोक वर जातात. युनिटची कमांड मिळते ती कर्नलला. चौदा वर्षांत बाहेर पडणारा माणूस त्या मंडळासमोर कधी येतच नाही.

२००३ साली वकील बबिता पुनिया यांनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. मग अनेक स्त्री अधिकारी स्वतः न्यायालयात आल्या. २०१० साली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. उच्च न्यायालयाच्या निकालाला स्थगिती नव्हती, तरीही अंमलबजावणी झाली नाही, आणि त्यात जवळजवळ दहा वर्षं गेली. २०१९ च्या फेब्रुवारीत सरकारने आणखी आठ शाखांमध्ये स्त्रियांना कायम कमिशन द्यायचं धोरण काढलं, पण त्यात अट होती की त्यांना फक्त स्टाफच्या, म्हणजे कार्यालयीन, जागा मिळतील. ती अटही सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या निकालात टिकू दिली नाही.

याच सैन्यात एक शाखा अशी होती जिथे स्त्रियांना कायम कमिशन कितीतरी आधीपासून मिळत होतं. ती म्हणजे वैद्यकीय शाखा. तिथे काय झालं? पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, आपल्या एएफएमसीत, शिकलेल्या पुनीता अरोरा २००४ साली लेफ्टनंट जनरल झाल्या. त्याच महाविद्यालयातल्या माधुरी कानिटकर २९ फेब्रुवारी २०२० रोजी, म्हणजे निकालानंतर बाराच दिवसांनी, त्या हुद्द्यावर पोहोचल्या आणि पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. २०२४ साली आरती सरीन तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या प्रमुख झाल्या. तोच देश, तीच सैनिकी शिस्त, तशाच बदल्या, घरीही तशीच मुलंबाळं. एका शाखेत बाई लेफ्टनंट जनरल होते आणि दुसऱ्या शाखेत लेफ्टनंट कर्नलच्या पुढे जात नाही. दोन्हीकडच्या बायांच्या स्वभावात एवढा फरक असेल, असं कुणी गंभीरपणे म्हणू शकेल का? फरक नियमात होता.

मग स्त्री-पुरुषांत फरक नसतातच का? असतात, आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ साली या विषयावरच्या हजारो अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. अशा संशोधनांचे आधीच झालेले ४६ मोठे आढावे त्यांनी एकाखाली एक मांडले. वस्तू किती जोरात आणि किती लांब फेकता येते, यात फरक मोठा निघाला. पण बुद्धी, संवाद, आत्मसन्मान, नेतृत्व अशा गोष्टींसह एकंदर मोजमापांपैकी ७८ टक्क्यांत फरक किरकोळ किंवा जवळजवळ शून्य होता. २०१४ साली आणखी एक आढावा आला, तो थेट नेतृत्वाच्या परिणामकारकतेवर होता. ९५ अभ्यास एकत्र केल्यावर स्त्री आणि पुरुष प्रमुखांत एकंदरीत फरक सापडला नाही. पण एक गोष्ट लक्षात राहण्याजोगी आहे. प्रमुखांनी स्वतःला दिलेले गुण पाहिले तर पुरुष वरचढ दिसत होते, आणि इतरांनी त्यांना दिलेले गुण पाहिले तर स्त्रिया. मुलाखतीत जो स्वतःबद्दल ठासून बोलतो त्यालाच आपण खमका समजत असू, तर आपली निवड कुठे चुकते याचा अंदाज इथे येतो.

त्याआधीच्या, १९९५ सालच्या एका आढाव्यात लष्करासारख्या पुरुषी मानल्या गेलेल्या क्षेत्रांत पुरुष प्रमुखांना जास्त गुण मिळाले होते. हे लपवून चालणार नाही. पण गुण देणारे कोण होते आणि त्यांनी आधी किती स्त्री प्रमुख पाहिल्या होत्या, हाही प्रश्न विचारायला हवा. याचं उत्तर देणारा एक फार सुंदर अभ्यास आपल्याच देशात झाला आहे, आणि तो खेड्यातल्या पुरुषांवरच झाला आहे.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात ग्रामपंचायतींच्या प्रधानपदांपैकी, म्हणजे आपल्याकडच्या सरपंचपदांपैकी, एक तृतीयांश पदं पाळीपाळीने स्त्रियांसाठी राखीव ठेवली जात होती. कुठल्या गावाची पाळी कधी येणार, हे यादीतल्या क्रमाने ठरत होतं, त्यात गावाच्या इच्छेचा संबंध नव्हता. त्यामुळे आपोआपच एक मोठा प्रयोग उभा राहिला. काही गावांनी स्त्री प्रधान पाहिली होती, काहींनी कधीच नाही. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा या अभ्यासकांनी गावकऱ्यांना प्रधानाचं एक भाषण ध्वनिमुद्रित करून ऐकवलं. शब्द तेच, फक्त काहींना पुरुषाच्या आवाजात आणि काहींना बाईच्या. ज्या गावांनी कधी स्त्री प्रधान पाहिली नव्हती, तिथल्या पुरुषांनी तेच भाषण बाईच्या आवाजात ऐकल्यावर वक्त्याला कमी गुण दिले. ज्या गावांत राखीव जागेमुळे बाई प्रधान झाली होती, तिथे हा फरक मावळला होता. आणि दोन वेळा आरक्षण येऊन गेलेल्या गावांत आरक्षण उठल्यावरही जास्त स्त्रिया उभ्या राहिल्या आणि निवडूनही आल्या.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आणखी एक प्रामाणिक नोंद आहे. तुम्हाला प्रधान म्हणून कोण आवडेल, असं विचारल्यावर पुरुषांची पसंती पुरुषालाच राहिली. आवड बदलली नाही, पारख मात्र बदलली. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. सैनिकाला बाईचा हुकूम आवडला पाहिजे, अशी कुणाची मागणीच नाही. काम नीट होतंय की नाही, हे त्याला निःपक्षपणे ओळखता आलं की पुरे. आणि ती ओळख बाईच्या हाताखाली काम केल्यानेच होते. मनाची तयारी झाल्यावर नेमणूक करू, असं म्हणणारा माणूस ती तयारी कधीच होऊ देत नाही.

महाराष्ट्राने पंचायतींत स्त्रियांसाठी आधी एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा राखल्या. इथे कुणीतरी लगेच सरपंचपतींचं नाव काढतं. बाई नावाला, कारभार नवऱ्याचा, ही तक्रार खरी आहे, अनेक गावांत लोकांनी ती पाहिली आहे. पण ज्या बाईला उभ्या आयुष्यात सही करण्यापलीकडे काम दिलं गेलं नाही, तिची पहिली पाच वर्षं शिकण्यात जाणारच. आणि पाच वर्षांनी चक्रानुक्रमाने तिचं पद खुलं झालं की शिकलेलं वाया जातं. तेव्हा दोष आरक्षणाला देण्याआधी पाळी फिरवण्याच्या पद्धतीकडे पाहायला हवं, असं माझं मत आहे.

सैन्याकडे परत येऊ, कारण खरी गुंतागुंत २०२० च्या निकालानंतर समोर आली. न्यायालयाने दार उघडायला सांगितलं, सैन्याने निवड मंडळ बसवलं, आणि तरीही अनेक जणी नापास झाल्या. लेफ्टनंट कर्नल नितीशा आणि इतर अधिकारी पुन्हा न्यायालयात गेल्या. २५ मार्च २०२१ चा तो निकाल नोकरी करणाऱ्या आणि करवून घेणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावा असा आहे. नियम दिसायला सगळ्यांना सारखे आणि परिणाम मात्र एकाच गटावर उलटा, अशा अप्रत्यक्ष भेदभावाची सविस्तर मांडणी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात केली.

पहिला मुद्दा गोपनीय अहवालांचा. सरकारी नोकरीतल्या कुणालाही सीआरचं वजन सांगावं लागत नाही. स्त्री अधिकाऱ्यांच्या पाचव्या-दहाव्या वर्षापर्यंतच्या जुन्या अहवालांवरून त्यांची पात्रता ठरवली गेली. पण ते अहवाल लिहिले गेले तेव्हा लिहिणाऱ्या वरिष्ठाला पक्कं माहीत होतं की हिला कायम कमिशन मिळणार नाही. आता त्या वरिष्ठाच्या जागी बसून पाहा. हाताखाली दोन कॅप्टन आहेत. एकाला पुढच्या वर्षी मंडळासमोर जायचं आहे, दुसरी काही वर्षांनी घरी जाणार आहे. चांगली नेमणूक एकच आहे, उत्तम शेराही सगळ्यांना वाटता येत नाही. तो कुणाला देईल? त्याच्या मनात आकस नसला तरी तो पहिल्यालाच देईल. असं वर्षानुवर्षं झालं की एकाच्या फाइलमध्ये महत्त्वाच्या नेमणुका आणि ठसठशीत शेरे जमतात, दुसरीच्या फाइलमध्ये नुसतं ‘समाधानकारक’. मग दोन्ही फाइली शेजारी ठेवायच्या आणि म्हणायचं, बघा, गुणवत्तेवर निवड केली. त्यातही स्त्री अधिकाऱ्यांची तुलना निवड झालेल्या शेवटच्या पुरुषाशी केली गेली, आणि नंतरच्या वर्षांत त्यांनी मिळवलेले सन्मान आणि पुरस्कार धरलेच नाहीत.

दुसरा मुद्दा तब्येतीचा. सैन्यात ‘शेप-१’ हा वैद्यकीय दर्जा लागतो. त्यात मानसिक स्थिती, श्रवण, हातपाय, शारीरिक क्षमता आणि दृष्टी असं सगळं येतं. पुरुषांनी हा दर्जा दाखवला होता पंचवीस-तिशीत, कायम कमिशन मिळताना. नंतर वयानुसार गुडघा दुखू लागला म्हणून कुणाचं कमिशन गेलं नाही. स्त्रियांना मात्र तोच दर्जा आता, चाळिशी-पन्नाशीत, दाखवायला सांगितला. तिशीत त्यांनी मागितला असता तर त्यांनाही तो सहज मिळाला असता, पण तेव्हा त्यांना मागायचा हक्क नव्हता. दहा-पंधरा वर्षांचा उशीर सरकारचा आणि त्याची किंमत त्या अधिकाऱ्यांच्या शरीराने मोजायची, हे न्यायालयाला मान्य झालं नाही. साठ टक्के गुण मिळवलेल्या अधिकाऱ्यांना वैद्यकीय आणि शिस्तविषयक अटींवर कायम कमिशन द्या, असा आदेश निघाला. वैद्यकीय निकषही त्यांच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षाच्या मापाने लावायचा होता.

२०२३ साली खास निवड मंडळ बसलं. १९९२ ते २००६ या तुकड्यांतल्या २४४ स्त्री अधिकाऱ्यांचा विचार होऊन १०८ जागांसाठी कर्नलपदाची निवड झाली. तेव्हाही कुणाचे अहवाल कुठल्या तारखेपर्यंतचे धरायचे यावरून वाद झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाला सैन्याची भूमिका मनमानी ठरवावी लागली.

पुण्याशी जोडलेली एक गोष्ट इथे सांगायला हवी. मार्च २०१६ मध्ये औंधच्या लष्करी तळावर ‘एक्सरसाइज फोर्स १८’ हा अठरा देशांचा सराव झाला. भारताच्या चाळीस जणांच्या तुकडीचं नेतृत्व सिग्नल्सच्या लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केलं. अठरा तुकड्यांच्या प्रमुखांत त्या एकट्याच स्त्री होत्या. २०२० च्या निकालात न्यायालयाने त्यांचा उल्लेख केला, आणि मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी कर्नल म्हणून त्या देशासमोर बोलल्या. औंधला त्यांनी नेतृत्व केलं त्या वर्षी सिग्नल्समधल्या स्त्री अधिकाऱ्यांसाठी कायम कमिशनची वाट खुली नव्हती. देशाचं प्रतिनिधित्व करायला बाई चालत होती, युनिट सांभाळायला चालत नव्हती.

सैन्याबाहेरच्या नोकऱ्यांत असे लेखी निर्बंध आता क्वचितच आहेत. पण फाइल रिकामी राहण्याची प्रक्रिया तीच आहे. अर्थशास्त्रातलं २०२३ चं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा शंभरहून अधिक वर्षांचा हिशोब मांडला. त्यांचं म्हणणं असं, की काही नोकऱ्या माणसाचा सगळा वेळ मागतात. रात्री फोन आला तर उचलायचा, उद्या दुसऱ्या शहरात जायचं म्हटलं तर जायचं. दुप्पट वेळ देणाऱ्याला तिथे दुपटीहून जास्त मिळतं. घरात मूल आलं की दोघांपैकी एकालाच अशी नोकरी परवडते आणि ती बहुधा नवऱ्याची असते. आपल्याकडे बँकेत किंवा सरकारी खात्यात याच गोष्टीचं नाव बदली आहे. प्रमोशन घेतलं की बदली आलीच, म्हणून मुलाची दहावी होईपर्यंत प्रमोशनच नको म्हणणाऱ्या बाया प्रत्येक कार्यालयात भेटतात. त्यांना महत्त्वाकांक्षा नाही, असं म्हणून विषय संपवला जातो. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, असं दिसलं. घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं घालवतात, आणि मुळात असे पुरुष होते चारात एक. या मिनिटांचा विचार न करता महत्त्वाकांक्षेवर बोलणं अन्यायाचं आहे.

यावर काही करता येतं. स्टेट बँकेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष अरुंधती भट्टाचार्य यांच्या कारकिर्दीत मुलांसाठी किंवा घरच्या आजारी, वृद्ध माणसांसाठी दोन वर्षांची रजा घेऊन परत येण्याची सोय झाली. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ साली झालेल्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झालं. मला यात एकच गोष्ट खटकते. रजेचा सगळा खर्च मालकावर आणि रजा फक्त आईला, यामुळे बाईला कामावर घेणं महाग ठरतं. बापालाही सक्तीची रजा मिळाली तर तो हिशोब बदलेल.

वरून स्त्रिया नेमल्या की खाली आपोआप सुधारतं, यावर मात्र फार विसंबू नये. नॉर्वेने २००३ साली कायदा करून मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांत ४० टक्के स्त्रिया सक्तीच्या केल्या. २००८ पर्यंत जागा भरल्या, चांगल्या भरल्या. पण त्याच कंपन्यांत खाली काम करणाऱ्या स्त्रियांच्या पगारात किंवा बढतीत अभ्यासकांना लक्षणीय फरक दिसला नाही. आपल्याकडेही २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक कंपन्यांना एक स्त्री संचालक सक्तीची केली, तेव्हा कित्येक कंपन्यांनी प्रवर्तकांच्या घरातलीच बाई बसवली. खरी गळती पहिल्या-दुसऱ्या बढतीला होते, आणि तिथे कुठलाही कायदा पोहोचत नाही. तिथे पोहोचतो तो फक्त साहेब, जो दौऱ्यावर कुणाला पाठवायचं, अवघड गिऱ्हाईक कुणाकडे द्यायचं, मोठ्या बैठकीत कुणाला बोलू द्यायचं हे दर आठवड्याला ठरवतो. तुम्ही त्या खुर्चीत असाल, तर गेल्या दोन वर्षांत अशी कामं कुणाकुणाला दिली याची यादी एकदा कागदावर काढा. एखादीला रात्रीच्या पाळीचं किंवा बाहेरगावचं काम तिच्या भल्यासाठी म्हणून दिलं नसेल, तर पुढच्या वेळी तिला न विचारता ते ठरवू नका.

३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. सतरा जणी होत्या. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेचं दार उघडायला लावलं म्हणून त्या तिथे पोहोचल्या. त्यांच्यातल्या सैन्यात जाणाऱ्या मुलींना तोफखाना खुला आहे, तो २०२३ पासून. पायदळ आणि रणगाडा दल अजून बंद आहे. आपले बहुतेक लष्करप्रमुख पायदळ, रणगाडे किंवा तोफखान्यातून आले. अभियंता दलातून आलेले पहिले प्रमुख नागपूरचे जनरल मनोज पांडे, तेही २०२२ साली. या मुली कर्नलपदाच्या निवड मंडळासमोर जातील तेव्हा २०४० उजाडलेलं असेल. सर्वोच्च पदासाठी योग्य बाई मिळत नाही, असं तेव्हा कुणी म्हणालं, तर त्याचं कारण आजच्या नेमणुकांच्या यादीत असेल.